शिट्ट्यांच्या पेटीतला गंधार

आमच्या ग्लासगोच्या मंडळात नवं कुटुंब आलं, की पहिला प्रश्न ‘कुठल्या हॉस्पिटलात?’ हा असतो. गाव नंतर, आडनाव त्याच्याही नंतर. गेली पस्तीस वर्षं मी या प्रश्नाला ‘कुठल्याच नाही, मी चर्चमध्ये असतो’ असं उत्तर देतो आहे. विचारणाऱ्याची नजर आधी माझ्या गळ्यात क्रूस आहे का ते बघते आणि मग माझ्या बायकोच्या टिकलीवर जाऊन अडकते. मग बायको घाईघाईनं खुलासा करते, “हा पाइप ऑर्गन ट्यून करतो, ॲक्च्युअली.” त्यावर ‘अच्छा, म्हणजे हॉबी!’ असं म्हणून तो माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या डॉक्टरकडे वळतो.

हॉबी नव्हे हो, पोट भरलंय त्यावर. बायकोच्या पगाराच्या मानानं चतकोरच, पण भरलंय.

माझे वडील साताऱ्याला पेट्या दुरुस्त करायचे. बाजाच्या पेट्या. दुकानात मी भात्याची कातडी चिकटवत आणि सूर घासत मोठा झालो. लग्न झालं ते भुलीच्या डॉक्टरणीशी, तीही साताऱ्याचीच. ती नोकरीसाठी इथे आली आणि तिच्यामागून मी आलो. हवा, भाता, पट्ट्या आणि सूर एवढंच मला कळत होतं. इथे एका ऑर्गन बनवणाऱ्या कारखान्यात गेलो तर तिथेही हवा, भाता, पट्ट्या आणि सूर एवढंच होतं, फक्त आकार दुमजली घराचा. साहेबानं विचारलं, “अनुभव?” मी म्हटलं, “हेच, पण मांडीवर मावणारं.” त्याला ते आवडलं असावं.

ज्यांनी पाइप ऑर्गन पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठा भाता असतो, तो हल्ली विजेवर चालतो. त्याच्यावर शेकडो शिट्ट्या उभ्या असतात, काही पेन्सिलीएवढ्या, काही दोन पुरुष उंच. वाजवणाऱ्यानं पट्टी दाबली की त्या सुराच्या शिट्टीखालचं झाकण उघडतं आणि हवा आत जाते. झालं, संपलं शास्त्र. बाकी सगळी भानगड त्या शिट्ट्या एकमेकींशी सुरात ठेवण्याची. थंडी पडली की त्या उतरतात, हीटर लावला की चढतात, नुसता हात लावला तरी हाताच्या उबेनं रुसतात. धातूच्या शिट्टीच्या डोक्यावर एक कडं असतं, ते पातळ सुरीनं वर-खाली ठोकायचं. लाकडी शिट्टीत वरून दट्ट्या बसवलेला असतो. तो आत ढकलला की सूर चढतो, वर ओढला की उतरतो.

आणि हे काम एकट्याला जमत नाही. एक जण शिट्ट्यांच्या जंगलात शिडीवर, आणि दुसरा खाली पट्ट्यांसमोर. वरचा ‘पुढची’ म्हणून ओरडतो, खालचा पुढची पट्टी दाबतो. बस. खालच्याचा गुण एकच, तोंड बंद ठेवणे. माझा जोडीदार डग्लस बावीस वर्षं खाली बसला आणि बावीस वर्षांत मला एकदाही ‘मला वाटतं’ म्हणाला नाही. असा माणूस संसारातसुद्धा मिळत नाही.

आता त्या चर्चबद्दल. क्लाइड नदीच्या काठी, ग्लासगोच्या पश्चिमेला, एक बंदराचं गाव आहे. तिथे एके काळी साखर शुद्ध करण्याचे कारखाने होते आणि त्या कामात तरबेज म्हणून जर्मन लोक आले. ते लूथरन. लूथरन म्हणजे जर्मनीतले आणि त्याच्या उत्तरेच्या देशांतले प्रॉटेस्टंट, आणि यांची भक्ती म्हणजे गाणं. प्रवचन कसंही झालं तरी चालेल, पण गाणं घसा फुटेपर्यंत व्हायला हवं. साखरवाल्यांनी चर्च बांधलं आणि जर्मनीहून बोटीनं खोक्यांतून एक छोटा ऑर्गन आणवला. गावातले स्कॉटिश लोक तेव्हा चर्चमध्ये वाद्य म्हणजे सैतानाचं काम असं मानणारे. त्यांनी त्या ऑर्गनला नाव ठेवलं, ‘शिट्ट्यांची पेटी’. हे नाव इकडे जुनंच आहे, पण मी ऐकलं तेव्हा एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पुढे पहिलं महायुद्ध झालं. जर्मनांच्या चर्चवर दगड पडायला लागले. मंडळींनी ऑर्गनमधल्या लाकडी शिट्ट्या काढून घरोघरी लपवल्या, कुणी पलंगाखाली, कुणी कपाटामागे. धातूच्या गेल्या त्या गेल्याच. युद्ध संपल्यावर लाकडी सगळ्या परत आल्या, फक्त एक राहिली. ती एका बाईनं कोंबड्यांच्या खुराड्याला पन्हळ म्हणून लावली होती आणि ती द्यायला तयार नव्हती. कारण चर्चचं पाणी अडत नाही, कोंबड्यांचं अडतं.

दुसरा ऑर्गन आला तो सिनेमा थिएटरातून. मुके सिनेमे बंद झाल्यावर थिएटरवाले आपले ऑर्गन काढून टाकत होते, त्यातला एक या मंडळींनी उचलला. त्यात घोड्याच्या टापा, पक्ष्याची शीळ आणि दारावरची बेल असेही आवाज होते. लूथरन मंडळी शिस्तीची. त्यांनी त्या खटक्यांवरची नावं खरवडून काढली. खटके मात्र तसेच ठेवले. मी कारखान्यात नवा असताना तो ऑर्गन उतरवायच्या आधी शेवटचा अंत्यविधी झाला. शवपेटी दारातून आत आली, सगळे उभे राहिले आणि वरून दारावरची बेल वाजली. टिंग-टाँग. पुढच्या बाकावरचे एक आजोबा सवयीनं दार उघडायला निघाले.

ती बेल वाजली ते मिस हिल्डा रिख्टर यांच्या कोपरामुळे. हिल्डाबाई म्हणजे या चर्चच्या ऑर्गनिस्ट, साखरवाल्यांच्या नाती-पणतींपैकी. लग्न केलं नाही. ऑर्गनशीच झालं म्हणायचं. तिसरा ऑर्गन त्यांच्या हट्टानं उभा राहिला. पहिल्यातल्या लाकडी शिट्ट्या, दुसऱ्यातल्या धातूच्या, आणि सांगाडा आमच्या कारखान्याचा. सगळ्या मिळून साडेचारशेच्या आसपास. एका पानाला तीन घरांच्या भाज्या असाव्यात तसा तो ऑर्गन, पण चव होती.

माझी गोष्ट आहे ती सहा-सात वर्षांपूर्वीची. कारखाना बंद होऊन मी आणि डग्लस स्वतंत्र काम करत होतो. हिल्डाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांचा ऑर्गन जायच्या बेतात होता.

कारण टॉयलेट. चर्चमध्ये टॉयलेट नव्हतं, ते अंगणापलीकडे. उपासनेला येणारे बहुतेक सगळे सत्तरीपुढचे आणि अंगणात हिवाळ्यात बर्फ. एक बाई घसरून पडल्या आणि कमिटीचे चेअरमन मिस्टर लार्सन यांनी विषय हातात घेतला. लार्सनचे आजोबा नॉर्वेचे खलाशी; हे स्वतः जन्मभर इथल्या जहाजबांधणीच्या यार्डात पोलादी पत्र्यांवर कापायच्या रेघा मारायचं काम करून रिटायर झालेले. कानामागे पेन्सिल ठेवायची सवय अजून होती, अगदी प्रार्थनेच्या वेळीसुद्धा. त्यांनी फुटपट्टी घेऊन चर्च मोजलं आणि जाहीर केलं, की सांडपाण्याचा नळ ज्या कोपऱ्यातून जातो तिथेच ऑर्गन उभा आहे. ऑर्गन काढायचा, तिथे टॉयलेट करायचं आणि गाण्यासाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणायचा. ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या चार आठवडे आधी, उपासनेनंतर मतदान.

हिल्डाबाईंचा मला फोन आला. “मिस्टर विनायक, टॉयलेटविरुद्ध भाषण करता येत नाही. मी स्वतः त्या अंगणात दोनदा घसरले आहे. मला फक्त एक रविवार हवा आहे, ऑर्गन बोलेल असा. मग त्यांना काय करायचं ते करू दे.”

मी शब्द दिला. आणि त्याच आठवड्यात डग्लस गेला खुब्याच्या ऑपरेशनला. भूल माझ्याच बायकोनं दिली. “इट वेंट ब्यूटिफुली,” संध्याकाळी ती म्हणाली, “पण सहा आठवडे तो बसू नाही शकणार, विनायक.”

“मग पट्ट्या कोण दाबणार?”

ती एकदम म्हणाली, “आईला घेऊन जा ना. ती घरात बोअर झालीये. काल तिनं थर्मोस्टॅटशी भांडण केलं.”

सासूबाई, सुमतीबाई, तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं गाणं शिकवलेल्या. तानपुऱ्यावर. ‘पेटी’ हा शब्द त्यांच्या घरात मी ऐकला तो लग्नाच्या बोलणीत पहिल्यांदा, आणि तोही ‘पेटीवाल्याचा मुलगा?’ असा. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, पेटीच्या गंधारावर होता. पेटीचा गंधार चढा असतो, खोटा असतो, त्यानं मुलींचे कान बिघडतात, असं त्या शाळेच्या हेडमास्तरांना दरवर्षी लेखी कळवत. आणि त्यांची एकुलती एक मुलगी त्या खोट्या गंधाराच्या घरात पडली होती. तीस वर्षांत त्या मला एकही शब्द लागेल असं बोलल्या नाहीत. त्या मला ‘अहो विनायकराव’ म्हणत, आणि त्यातल्या ‘अहो’मध्ये सगळं येई.

ही पार्श्वभूमी माहीत असताना मी त्यांना घेऊन गेलो. आता बोला.

शुक्रवारी सकाळी आम्ही चर्चमध्ये पोचलो. नऊवार नव्हे, पाचवार, त्यावर लेकीचं हॉस्पिटलचं फ्लीस जॅकेट, पायात माझे लोकरी मोजे. मी त्यांना पट्ट्या दाखवल्या, काम समजावलं. “आई, बोलायचं काहीच नाही. मी ‘पुढची’ म्हटलं की पुढची दाबायची.”

“एवढंच ना?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं काही अवघड असेल.”

मी शिडीवर चढलो. सगळ्यात आधी एका ओळीतले मधले बारा सूर लावून घ्यायचे असतात. बाकीच्या सगळ्या शिट्ट्या मग त्यांच्यावरून जुळवायच्या. पांढरी एक लावली, षड्ज धरू. त्याच्यावर पंचम लावला. मग षड्जाबरोबर धरला गंधार, म्हणजे पांढरी तीन. मी रोजच्या हातानं लावला आणि म्हटलं, “पुढची.”

सूर बदलला नाही.

“आई, पुढची.”

“अहो विनायकराव,” खालून आवाज आला, “हा चढा आहे.”

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. बारा सूर एकमेकांशी पूर्ण खरे कधीच बसत नाहीत, थोडा केर उरतोच. हल्लीची पद्धत अशी, की तो केर सगळ्या घरभर सारखा पसरवायचा. सगळेच सूर किंचित खोटे, त्यात गंधार जरा जास्तच, पण कुठल्याही पट्टीत वाजवा, चालून जातं. जुन्या काळी केर झाडून एका कोपऱ्यात लोटायचे. बाकी घर लख्ख, गंधार शुद्ध. फक्त त्या कोपऱ्यात पाहुण्याला न्यायचं नाही. नेलं तर ते सूर एकमेकांच्या अंगावर गुरगुरतात. आमच्या धंद्यात त्या कोपऱ्याला ‘लांडगा’ म्हणतात.

हे सगळं मी शिडीवरून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पट्ट्यांवरची बोटं काढली नाहीत.

“थंडीनं मी थरथरत्येय, ते ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “हा गंधार का थरथरतोय?”

“आई, इकडे असंच लावतात.”

“तिकडे तुमचे वडीलही असंच म्हणायचे.”

आता सांगा. समोर हिल्डाबाईंना दिलेला शब्द, हातात सुरी, खाली तीस वर्षांचा हिशेब मांडून बसलेल्या सासूबाई. मी ठरवलं, त्यांच्या मनासारखा एक गंधार लावू, त्या खूश होतील, चहाला गेल्या की मी परत चढवीन. कडं हळूहळू ठोकलं. थरथर मंद होत गेली, आणखी मंद, आणि मग थांबली. षड्ज आणि गंधार एक होऊन चर्चभर उभे राहिले. मी वाकून पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटले होते.

“पुढची,” त्या स्वतःच म्हणाल्या.

त्या चहाला गेल्याच नाहीत. थर्मास मांडीजवळ ठेवून त्यांनी दोन दिवस पट्ट्या दाबल्या. प्रत्येक पट्टीचा षड्ज धरून त्याचा गंधार त्या तपासायच्या आणि मी उतरवत जायचो. केर लोटत लोटत काळी चारच्या कोपऱ्यात नेला. मनाशी म्हणत होतो, कुणाला कळतंय? काळी चारमध्ये कोण वाजवतं?

लोकांना मी ही गोष्ट नेहमी अशी सांगतो, की सासूबाईंपुढे माझं काही चाललं नाही. सगळे हसतात. पण आज लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो. शुक्रवारी दुपारी त्या अर्धा तास बाकावर आडव्या झाल्या होत्या. घोरत होत्या, तेही सुरात. तेवढ्या वेळात मला सगळं पहिल्यासारखं करता आलं असतं. मी सुरी हातात घेऊन बसून राहिलो. तीस वर्षं मी रोज गंधार खोटा लावत होतो आणि तो खोटा आहे हे माझ्या कानाला रोज कळत होतं. एकदा, एकदाच, मला तो खरा ऐकायचा होता. हिल्डाबाईंच्या ऑर्गनवर, त्यांच्या शेवटच्या रविवारी. ही चूक माझी आहे, सासूबाईंची नव्हे.

शनिवारी लाकडी शिट्ट्यांची पाळी आली, त्या पहिल्या ऑर्गनच्या. त्यांच्या आत, दट्ट्याच्या वर, एक बारीक पेन्सिलीची रेघ असते हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. सुताराची काहीतरी खूण असेल असं समजून कधी विचार केला नव्हता. गंधाराचा दट्ट्या मी वर ओढत होतो. थरथर थांबली तिथे थांबलो. टॉर्च मारला. दट्ट्याची कड बरोबर त्या रेघेवर होती. दुसरी शिट्टी काढली, तीही रेघेवर. तिसरी, तीही. मी शिडीवरून खाली उतरलो आणि पाणी प्यायलो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या जर्मन कारागिरानं ऑर्गन लावला होता, त्याचा गंधार आणि साताऱ्याच्या मुलींच्या शाळेचा गंधार एकच होता.

हिल्डाबाई शनिवारी येऊन वाजवून बघणार होत्या, पण सर्दी झाली म्हणून आल्या नाहीत. मी फोन करून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. रविवारी सकाळी मी आणि सासूबाई मुद्दाम शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसलो.

पहिलं गीत पांढरी एकमधलं. हिल्डाबाईंनी पहिले सूर धरले आणि चर्चमध्ये काहीतरी बदललं. लोक गाण्याच्या पुस्तकातून मान वर काढून बघायला लागले. दार उघडल्यावर उजेड आत यावा तसा तो आवाज आला. हिल्डाबाईंच्या समोर एक छोटा आरसा असतो, पाद्री कुठे पोचले ते बघायला. त्या आरशात त्यांनी मला शोधलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, “आता बघा, कसं उभं राहिलंय.”

दुसरं गीत मिस्टर लार्सन यांनी निवडलेलं होतं. खलाशांचं. काळी चारमधलं.

पहिल्याच ओळीला लांडगा बाहेर आला. नुसता आला नाही, भुकेला आला. तो आवाज मला लिहून दाखवता येणार नाही. एवढंच सांगतो, की बाहेर फूटपाथवर एक कुत्रं होतं, ते रडायला लागलं. हिल्डाबाई थांबल्या. पुढच्या बाकावर लार्सन सावकाश मागे वळले. सगळं चर्च मागे वळलं. माझ्या शेजारी फ्लीस जॅकेटातल्या सासूबाई सरळ समोर बघत होत्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, “या कोपऱ्याबद्दल तुम्ही बोलला होतात खरं.”

आरशात हिल्डाबाईंचे डोळे दिसत होते. त्यांना एका क्षणात सगळं कळलं असावं. शेवटी त्या साखरवाल्यांच्या पणती. त्यांनी नाक पुसलं, हात उचलले आणि तेच गीत अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये सुरू केलं. समोर कागद काळी चारचा, बोटं पांढरी पाचमध्ये, वय अठ्ठ्याहत्तर. आणि अर्धा सूर खाली आल्यामुळे एक गंमत झाली. त्या गीतात शेवटी एक उंच सूर आहे, तिथे दरवर्षी सगळ्या म्हाताऱ्यांचा आवाज फाटायचा. या वेळी तो सगळ्यांना लागला. लार्सननाही. ते सूर लावून इतके चकित झाले, की पुढची ओळ म्हणायची विसरले.

उपासना संपली. मतदानाआधी लार्सन तडक ऑर्गनपाशी आले. “तो आवाज काय होता? बॉयलर?”

“मी,” मी म्हटलं.

सगळं सांगितलं. सासूबाई, गंधार, केर, कोपरा. ऐकताना त्यांचा चेहरा दगडी होता. शेवटी सुचेना म्हणून मी गंधाराची लाकडी शिट्टी बाहेर काढली आणि त्यांच्या हातात टॉर्च दिला. लार्सननी चष्मा लावला. आत बघितलं. कानामागची पेन्सिल काढून तिचं टोक रेघेशी लावून बघितलं.

“ही रेघ कुणाची?”

“पहिल्या कारागिराची.”

“आणि तुम्ही रेघ बघून इथे आणलंत.”

खोटं बोलणं सोपं होतं. हिल्डाबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांचा जन्म त्या उत्तरावर टांगलेला. पण बोललो ते खरंच बोललो. “नाही. सासूबाई म्हणाल्या तिथे आणलं. रेघ नंतर दिसली.”

लार्सन सासूबाईंकडे वळले. “मॅडम, तुम्हाला रेघ न बघता कळलं?”

मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, “त्यांना सांगा, ती रेघ मारणाऱ्यालाही आधी ऐकूनच कळलं असेल. रेघ मागून मारतात.”

मी तेही भाषांतर केलं. लार्सननी शिट्टी पुन्हा एकदा टॉर्चखाली धरली. जन्मभर दुसऱ्यांनी काढलेली मापं पत्र्यावर उतरवलेला माणूस तो. मग पेन्सिल कानामागे गेली, खिशातून फुटपट्टी निघाली आणि ते पाद्र्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरले. दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी कमिटीला सांगितलं, की नळ भिंतीतून वळवता येईल, टॉयलेट या खोलीत होईल, आणि ऑर्गनला कुणी हात लावायचा नाही. मतदान झालं. विरुद्ध फक्त पाद्र्यांचं मत पडलं. ते बिचारे अजून आपला झगा टॉयलेटमध्ये घालतात. तिथे फ्लश ओढला की भिंतीतल्या नळातून स्वच्छ कोमल रिषभ येतो, तो मात्र मी लावलेला नाही.

हिल्डाबाईंनी सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि तशाच उभ्या राहिल्या. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. मी भाषांतराला पुढे झालो तर दोघींनीही मला हातानं बाजूला केलं. परतीच्या ट्रेनमध्ये सासूबाई खिडकीबाहेर क्लाइडकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना कान होता, विनायकराव. धंद्यामुळे त्यांना चढा लावावा लागत असेल.” तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ‘अहो’ म्हणायला विसरल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

चार वर्षांनी हिल्डाबाईंचे हात थकले आणि त्या वृद्धाश्रमात गेल्या. नवा ऑर्गनिस्ट आला, तरुण, पदवीवाला, सभ्य. त्याला सगळ्या पट्ट्यांत वाजवायचं होतं आणि लांडगा नको होता. त्याचंही चूक म्हणता येत नाही. कमिटीचं पत्र आलं. मी आणि डग्लसनं दोन दिवसांत सगळा केर पुन्हा घरभर पसरला. आमच्या धंद्यात शिट्टीच्या आत काम करणाऱ्यानं नाव लिहायची चाल आहे. गंधाराचा दट्ट्या आत ढकलायच्या आधी मी त्या जर्मन रेघेशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘गंधार इथे. सुमती.’ देवनागरीत. माझं ते शेवटचं मोठं काम. त्यानंतर मी रिटायर झालो.

सासूबाईंचा दर दिवाळीला साताऱ्याहून फोन असतो. प्रकृती, नातवंडं, आणि शेवटी एकच प्रश्न, “गंधार चढला नाही ना परत?” मी म्हणायचो, “नाही आई. आहे तिथेच आहे.” दोन दिवाळ्या असं म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं. रेघ होती तिथेच होती.

यंदा त्या पुन्हा यायच्या आहेत. व्हिसा झालाय. परवा मीच परदेशी फोनांचं कार्ड घासून फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कार्डावरची मिनिटं संपत होती.

“विनायकराव,” त्या म्हणाल्या, “तुमच्या बायकोनं मला त्या चर्चच्या नाताळच्या गाण्यांची सीडी पाठवली होती. तिला दोन वर्षं झाली.”

“मग तुम्ही दर वेळी विचारत का होतात?”

“तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. मी आल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा. आणि हीटर आदल्या रात्री लावून ठेवा, मागच्या वेळी बोटं गारठली होती.”

बायको म्हणाली, “यू आर रिटायर्ड, विनायक! एका रविवारसाठी साडेचारशे पाइप्स? सीरियसली?” नवा ऑर्गनिस्ट नोव्हेंबरात दोन आठवडे सुट्टीवर जाणार आहे, हे मी आधीच काढून ठेवलं होतं. हिल्डाबाईंना त्या रविवारी व्हीलचेअरवरून आणायची सोय झाली आहे; एका गीतापुरते हात अजून चालतात म्हणतात. काल चर्चची किल्ली आणायला लार्सनच्या घरी गेलो. ते नव्वदीकडे झुकलेत, पेन्सिल अजून कानामागे आहे. कशासाठी हवी, हे त्यांनी विचारलंच नाही. किल्ली माझ्या हातावर ठेवून, पण सोडायच्या आधी, एवढंच म्हणाले,

“रेघेपर्यंत ना?”